रुंद नजरेची दोन भिंगे

मुंबईत ज्यांनी एका खोलीत संसार केला आहे त्यांना 'वाइड अँगल' म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. खोलीतल्या सगळ्या माणसांना एका फोटोत बसवायचे तर फोटो काढणाऱ्याने मागे सरकले पाहिजे. आणि मागे सरकायला तर जागा नसते. पाठ मोरीच्या कठड्याला टेकते, टाच पिंपाला लागते, आणि तरीही कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहावे तो उजवीकडचे काका अर्धेच दिसत असतात. हिशेब अगदी सोपा आहे. फिल्मवरची चौकट ३६ मिलिमीटर रुंद. ५० मिलिमीटरचे नेहमीचे भिंग लावले तर दहा फुटांवरून सव्वासात फुटांचीच भिंत तिच्यात मावते. ३५ मिलिमीटरचे लावले तर सव्वादहा फुटांची. मधले हे तीन फूट म्हणजे एका अंगाची आत्या आणि दुसऱ्या अंगाचे काका. कुटुंबातला सलोखा कित्येकदा या तीन फुटांवर टिकून असतो.

याहून रुंद नजरेची भिंगे आहेतच. २८ मिलिमीटरच्या भिंगात त्याच जागेवरून जवळजवळ तेरा फूट मावतात आणि २१ च्या भिंगात तर शेजाऱ्यांची खोलीही आली असती, मध्ये भिंत नसती तर. पण नजर जितकी रुंद, तितकी कडेच्या माणसांची फरफट जास्त. चौकटीच्या टोकाला उभा असलेला माणूस ३५ च्या भिंगातही आडवा शेकडा बारा भाग अधिक भरतो. हा दोष भिंग बनवणाऱ्याचा नव्हे. गोलाकार जग सपाट फिल्मवर पसरण्याच्या भूमितीचा आहे. कितीही पैसे मोजले तरी तो जात नाही. आमच्या वहिनींना हे मी आकृती काढून समजावून दिले आहे. तरी त्या फोटोच्या वेळी मध्यभागीच उभ्या राहतात.

आता ज्या कॅमेऱ्याविषयी मी बोलतो आहे तो आरशाचा नव्हे. त्याला रेंजफाइंडर म्हणतात. बघायच्या खिडकीत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, एक ठळक आणि एक फिकट. भिंगाची कडी फिरवून फिकट प्रतिमा ठळक प्रतिमेवर बसवली की अंतर जुळले. या कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये हलणारा आरसा नसतो, आणि रुंद नजरेच्या भिंगाला हीच गोष्ट मानवते. त्याची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ जाऊ शकते. आरशाच्या कॅमेऱ्यात तेवढी जागा नसल्यामुळे भिंगाची रचना उलटी करून त्याला मागे रेटावे लागते. फ्रान्समध्ये पिएर आंजेन्यू याने १९५० साली अशी भिंगे काढली आणि ती आरशाच्या कॅमेऱ्यांना वरदान ठरली. तरी मागे रेटलेल्या माणसाला जशी मोकळेपणाने बोलायची चोरी होते, तसे काहीसे त्या भिंगांचे होते असे मला आपले वाटते.

रेंजफाइंडरच्या रुंद भिंगांत 'बायोगॉन' हे नाव फार मानाचे. १९३२ साली त्साइस इकॉन कंपनीने लायकाला टक्कर देण्यासाठी काँटॅक्स नावाचा कॅमेरा काढला. त्याच्यासाठी लुडविग बेर्टेले या बुद्धिमान माणसाने आधी 'झोनार' ही भिंगे रचली आणि मग त्याच दशकात, त्यांच्याच घडणीवरून, ३५ मिलिमीटरचे एफ २.८ चे बायोगॉन. त्या काळी भिंगाचा हिशेब म्हणजे लॉगॅरिथमची कोष्टके उघडून एकेका किरणाचा मार्ग हाताने आकडेमोड करून काढायचा. लाइट्स कंपनीने भिंगांच्या हिशेबासाठी कोनराड त्सूझे यांचे गणकयंत्र घेतले ते १९५३ साली. बेर्टेलेचे काम त्याच्या कितीतरी आधीचे.

पुढे महायुद्ध झाले. जर्मनी हरला आणि काँटॅक्सच्या कारखान्यातली यंत्रे आणि साचे रशियाकडे गेले. काँटॅक्सचा 'कीएव्ह' झाला आणि बायोगॉनचे 'युपितेर-१२' झाले. १९५० च्या सुमारास तयार होऊ लागलेले हे भिंग पुढे कित्येक दशके निघत राहिले. इकडे मूळ घराण्याने बायोगॉन हे नाव जपून ठेवले होते. २००८ साली त्साइसने त्याच नावाचे, त्याच ३५ मिलिमीटरचे आणि त्याच एफ २.८ चे नवे भिंग आणले. त्याचे नाव सी बायोगॉन. ते जपानमध्ये कोसिना कंपनीने बनवले.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यामुळे ही हकीकत मला फार ओळखीची वाटते. एक मूळ ग्रंथ असतो, त्याची दूरदेशी कोणी नक्कल करतो, नकलेच्या नकला होतात, आणि मग एखादे नाथमहाराज शके १५०६ मध्ये बसून शुद्ध प्रत सिद्ध करतात. युपितेर ही नक्कल आणि सी बायोगॉन ही संशोधित आवृत्ती. फरक एवढाच की या संशोधित आवृत्तीत मूळ ओव्या ठेवलेल्या नाहीत. जुन्यात सहा काचा चार गटांत बसवलेल्या आहेत, नव्यात सात काचा पाच गटांत. नाव, मोजमाप आणि वंश तेवढा एक.

ही दोन्ही भिंगे आमच्या घरात आहेत, आणि मजा अशी की दोन्ही मामा-भाच्याच्या नात्यानेच आली.

माझा थोरला मामा भिलाईच्या पोलाद कारखान्यात होता. १९५५ साली रशियाशी करार झाला आणि १९५९ साली तिथली पहिली झोतभट्टी पेटली. मामा त्यानंतर लवकरच तिकडे गेला. त्याच्या बोलण्यात रशियन इंजिनिअर, त्यांचा चहा आणि त्यांचे बुद्धिबळ यांच्या गोष्टी असत. त्यांच्यातल्याच एकाने स्वदेशी परत जाताना मामाला आपला झोर्की-४ कॅमेरा आणि युपितेर-१२ दिले. बदल्यात मामाने काय दिले ते त्याने कधीच सांगितले नाही. मामी म्हणे की तिची एक पैठणी तेव्हापासून दिसत नाही. भिंगाच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे ६० आहेत, म्हणजे ते १९६० चे. मी कॉलेजात जाऊ लागलो तेव्हा मामाने ते माझ्या हातात ठेवले. सोबत सूचना एकच दिली, "आधी चाप ओढायचा, मग शटरचा वेग बदलायचा. उलटं केलंस तर कॅमेरा गेला." झोर्कीच्या बाबतीत हा नियम वेदवाक्य आहे. मी तो पाळला, तरी कॅमेऱ्याच्या पडद्याचे कापड वयानेच विरले. भिंग मात्र राहिले.

या भिंगाच्या सवयी जुन्या माणसासारख्या आहेत. त्याची मागची काच गोल फुगीर आणि इतकी बाहेर आलेली, की त्याला खास खोल झाकण लागते. ते नसले तर भिंग टेबलावर उभेही ठेवता येत नाही. छिद्र लहानमोठे करण्याची कडी पुढच्या तोंडाच्या आत, आणि तिला टक् असा आवाज नाही. एफ ४ आहे की ५.६ हे पाहायला कॅमेरा उलटा करून भिंगाच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागतो. तेवढ्यात समोरचे मूल हसायचे थांबलेले असते. तीन-सव्वातीन फुटांच्या आतली वस्तू त्याला स्पष्ट दिसत नाही. आणि समोरून उजेड आला की ते दिपते.

सी बायोगॉन माझ्या भाच्याचे. ताईचा हा मुलगा संगणकाच्या क्षेत्रात आहे आणि दिवसभर पडद्यावर डोळे फोडून घेतल्यावर संध्याकाळी फिल्मवर फोटो काढतो. त्याच्या पिढीत हे वेड पुन्हा आले आहे. त्याने पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून वाचवून एक वापरलेला लायका एम-२ घेतला आणि त्याला हे भिंग. त्याच्या भिंगाची कडी टक् टक् करीत एकतृतीयांश पायरीने सरकते, सव्वादोन फुटांपर्यंत जवळ जाते, आणि सूर्य समोर ठेवला तरी बिचकत नाही. एक पातळ कडी मध्ये घातली की माझे युपितेरही त्याच कॅमेऱ्यावर बसते. म्हणजे भांडायला सामायिक रणांगण तयार होतेच.

आणि आम्ही भांडलो. "मामा, तुझ्या भिंगात कडा विरघळतात," तो म्हणे. "तुझ्यात सगळंच गोठतं," मी म्हणे. या विषयातले दोन्ही पंथ मला हास्यास्पद वाटतात, माझा धरून. जुन्या भिंगांचे भक्त 'व्यक्तिमत्त्व', 'गोडवा', 'श्वास' असे शब्द वापरतात. बी.ए.च्या उत्तरपत्रिकेत कवितेच्या रसग्रहणात हे शब्द आले की मी समासात प्रश्नचिन्ह करतो. नव्या भिंगांचे भक्त एका मिलिमीटरात किती रेघा वेगळ्या दिसतात याचे तक्ते दाखवतात. ते खरे असतात, पण रेघांचा फोटो काढायला घराबाहेर कोण जातो?

खरा फरक गोडव्यात नाही आणि रेघांतही फारसा नाही; तो काचेवरच्या लेपात आहे. कोऱ्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शेकडा चार-पाच भाग उजेड माघारी फिरतो. भिंगात असे आठ-दहा पृष्ठभाग असतात. माघारी फिरलेला उजेड आतल्या आत आपटत राहतो आणि शेवटी फिल्मवर धुके होऊन पडतो. त्साइसच्या अलेक्झांडर स्माकुला याने १९३५ साली काचेवर अतिशय पातळ थर चढवून ही गळती कमी करण्याची युक्ती काढली. माझ्या युपितेरवर असा एकच निळसर थर आहे. नव्या भिंगांवर अनेक थर असतात आणि परतणारा उजेड शेकडा अर्ध्या भागाच्याही खाली येतो. म्हणून नव्याचा काळा रंग काळाच राहतो, आणि जुन्याचा समोर उजेड असला की राखी होतो. सावलीत, पाठीमागून ऊन घेऊन, एफ ८ वर दोन्हींनी फोटो काढले तर मधल्या भागात मला स्वतःला भेद करता येत नाही. दारे-खिडक्यांच्या सरळ रेघा दोन्ही सरळच ठेवतात, आणि तो गुण बेर्टेलेच्या घराण्याचा. पूर्ण उघडली तर कोपरे दोन्हींचे काळवंडतात. युपितेरचे कोपरे शिवाय मऊ पडतात, आणि माझ्या दृष्टीने कोपऱ्यात बहुधा पडदाच असल्यामुळे त्याला मी मनावर घेत नाही.

हा वाद असाच चालला असता. पण गेल्या वर्षी आमची गिरगावातली चाळ पाडायची ठरली. पुनर्विकासाच्या कागदांवर सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि मे महिन्याच्या अखेरीस खोली रिकामी करून द्यायची होती. दहा बाय बाराची ती खोली. बाबांनी तिथे पंचेचाळीस वर्षे काढली आणि तिथेच ते गेले. आई म्हणाली, "सगळ्यांचा एक फोटो काढा. सामान हलायच्या आत. ह्यांच्या फोटोसकट." बाबांचा फोटो गॅलरीच्या दाराशेजारच्या भिंतीवर, घड्याळाच्या खाली होता. तो काढून मध्ये ठेवावा असे धाकट्या भावाने सुचवले. आईने ऐकले नाही. जिथे आहे तिथेच राहू दे, म्हणाली.

अकरा माणसे, एक भिंत, एक दार. दार बंद केले तर खोलीत अंधार, आणि उघडे ठेवले तर सकाळचे सगळे ऊन चौकटीत. फ्लॅश आईला सोसत नाही. भाच्याने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तिकाटणे रोवले, ४०० वेगाचा काळापांढरा रोल भरला, आणि तह झाला की छत्तीसपैकी अठरा फोटो त्याच्या भिंगाने, अठरा माझ्या. एफ ४ आणि एक-तीसांश सेकंद. भिंग बदलताना माणसांनी हलायचे नाही असा हुकूम होता. अकरा माणसे न हलता उभी राहण्याचे आमच्या घराण्यातले हे पहिलेच उदाहरण असावे. ताई तर मध्येच म्हणाली, "पोलीस फोटो काढतात तसं वाटतंय." आई खुर्चीवर मध्यभागी बसली होती. एका हाताने तिने खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. तो हात फोटोत आला आहे.

मध्ये एक गोष्ट सांगायला हवी. आईच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन एप्रिलमध्ये झाले होते. डाव्याचे तिने पुढे ढकलले होते. म्हणजे त्या दिवसांत तिच्या एका डोळ्यात सत्त्याहत्तर वर्षांचे भिंग होते आणि दुसऱ्यात दीड महिन्याचे. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची कल्पना हॅरल्ड रिडले या इंग्रज डॉक्टरची. युद्धात विमानाच्या काचपेटीचे प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळा ते कण शांतपणे सोसतो, हे त्याने पाहिले होते. त्यावरून १९४९ साली लंडनमध्ये त्याने पहिले भिंग बसवले. आईला हे ठाऊक नव्हते, पण तिचे स्वतःचे प्रयोग चालू होते. एक डोळा झाकून ती पांढरे पातळ पाही, मग दुसरा झाकून. "ह्या डोळ्यानं निळीत घातल्यासारखं दिसतं, ह्यानं चहात बुडवल्यासारखं," ती म्हणे. "आणि ह्याच्यात दिव्याला पिसं फुटतात."

भाच्याने रोल स्वतः धुतला. आठ बाय दहाचे दोन मोठे फोटो केले, मागे पेन्सिलीने 'अ' आणि 'ब' लिहिले, आणि कोणता कशाने काढला ते न सांगता सगळ्यांपुढे ठेवले. भाऊ म्हणाला 'अ'. वहिनींनी आपण कशात बारीक दिसतो ते पाहिले आणि दोन्ही नाकारले. ताईने 'ब' उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

'अ' मध्ये सगळे होते. भिंतीवरची ओल, खुंटीवरची पिशवी, घड्याळात वाजलेले नऊ वीस, भावाच्या सदऱ्याचे तुटलेले बटण. गॅलरीच्या दाराशेजारच्या चौकटीत बाबा, आणि त्यांचा चष्मासुद्धा. आईच्या चेहऱ्यावर, ती खोली सोडताना जे काही चालले होते ते. मला तो फोटो पाहवेना. 'ब' मध्ये दारातून आलेला उजेड खोलीभर पसरला होता. ओल दिसत नव्हती. आई दहा वर्षांनी लहान दिसत होती. बाबांच्या जागी एक राखी चौकोन होता.

आईने दोन्ही फोटो जवळ घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्यात हे कुठं गेले?"

भाचा माझ्याकडे पाहून हसला नाही, हे त्याचे मोठेपण. मी तिला लेपाची गोष्ट सांगू लागलो. ती तिने अर्धवट ऐकली. मग उजवा डोळा झाकून एकदा पाहिले, डावा झाकून एकदा, आणि म्हणाली, "हा माझ्या नव्या डोळ्याचा, आणि हा जुन्याचा. दार सकाळी असंच दिसायचं. दोन्ही दे."

भाड्याच्या घरात 'अ' भिंतीवर लागला, कारण त्यात बाबा होते. 'ब' तिने आपल्या पोथ्यांच्या पिशवीत ठेवला. मी या निकालाने खूश होतो. बरोबरी म्हणजे जुन्या बाजूचा विजयच, असे मी भाच्याला ऐकवले.

पण गणपतीनंतर तिच्या डाव्या डोळ्याचेही ऑपरेशन झाले. दसऱ्याच्या सुमारास तिने पिशवीतून तो फोटो काढला, खिडकीशी धरला आणि मला हाक मारली. "अरे, हा फोटो मळलाय का रे? का पहिल्यापासून असाच होता?" मी म्हटले, असाच होता. "मला कसा मग तेव्हा स्वच्छ दिसला?" असे म्हणून तिने तो पदराने पुसून पाहिला. मग परत ठेवला, पण पोथ्यांच्या पिशवीत नव्हे. बाकीच्या फोटोंच्या डब्यात.

युपितेरचेही आता वय झाले आहे. भिलाईच्या कोरड्या हवेत ते पस्तीस वर्षे निर्मळ राहिले. मुंबईच्या पावसाळ्यांनी त्याच्या मागच्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू धरले आहेत. ही बुरशी. मूळ चामड्याच्या डब्यातून मी ते केव्हाच काढले, कारण चामडे ओल धरून ठेवते. आता ते घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर असते. फोर्टात एक जुने कारागीर आहेत. त्यांनी दिव्यापुढे धरून पाहिले आणि सांगितले, "साफ होईल. पण बुरशीनं लेप खाल्ला असेल तर डाग राहील. आणि फोटोत तो दिसायचा नाही." मग भिंग फिरवून पाहत म्हणाले, "आतलं ग्रीस पण गोंद झालंय. ते बदलून देतो." पंधरा दिवस लागले. कडी आता लोण्यासारखी फिरते आणि डाग आहे तिथेच आहे.

मागच्या महिन्यात भाच्याने ते मागून नेले. चाळीच्या जागी खड्डा खणला आहे, पत्र्याच्या कुंपणाआड क्रेन उभी आहे, आणि त्याला ते सकाळी, ऊन समोर घेऊन काढायचे आहे. मी म्हटले, नव्या भिंगाने काढ की, तुझं तर दिपत नाही. "म्हणूनच तुझं नेतोय," तो म्हणाला. बदल्यात सी बायोगॉन त्याने माझ्याकडे ठेवले आहे, लायकाची जुनी दुसरी बॉडी मिळेपर्यंत नुसतेच. परवा आईने त्याचे झाकण काढून आत पाहिले आणि विचारले, हे डॉक्टर बसवतात तसलेच का, आणि केवढ्याला पडले. मी किंमत सांगितली. तिच्या दोन्ही डोळ्यांचा मिळून खर्च त्याहून थोडा कमीच झाला होता.